चुकीच्या उत्तराची मानकरी

“चुकीचं उत्तर कोण देणार?” हेर्लेकर सरांनी विचारलं.

“दुर्गीऽऽ!” अख्खी आठवी ब एका सुरात ओरडली आणि खदाखदा हसली.

शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. काळीसावळी, हाडापेरानं दणकट, दोन वेण्या वर बांधलेल्या. तिनं छताकडे बघितलं आणि रेशन दुकानात कार्डाचा नंबर सांगावा तशा आवाजात म्हणाली, “शी कॅन सिंग्ज.”

“छान!” सर म्हणाले. “पण इतकं धडाधड नको. आधी थोडा विचार केल्यासारखं कर. डोकं खाजव. परीक्षकांना वाटलं पाहिजे, हिला आत्ताच सुचलं.”

दुर्गीनं डोकं खाजवलं. वर्ग पुन्हा हसला. सर खूश झाले.

“बघितलंत, चौगुले? वर्ग हसेल, तुम्ही हसायचं नाही. तुम्ही शांतपणे म्हणायचं, हू विल हेल्प हर? मग स्वप्नाली उठेल, बरोबर वाक्य सांगेल, पोरं टाळ्या वाजवतील, तुम्ही नियम फळ्यावर लिहायचा. ‘विद्यार्थ्यांच्या चुका हाताळणे’, ह्या मुद्द्याचे सगळे गुण खिशात.”

चौगुले म्हणजे मी. विजयमाला चौगुले. त्या वर्षी मी हेर्लेकर सरांच्या मार्गदर्शनाखाली बी.एड. करत होते आणि परवावर माझा इंग्रजीचा वार्षिक पाठ आला होता. कॉलेजचं नाव घेत नाही, गावाचंही घेत नाही. कोल्हापूरच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं तालुक्याचं गाव म्हणा. आमच्या कॉलेजच्या संस्थेचंच हायस्कूल रस्त्याच्या पलीकडे होतं आणि वर्षभर आम्ही छात्राध्यापक मंडळी गुंडाळी फळे काखेत मारून त्या पोरांवर तुटून पडायचो. पोरंही बिचारी तरबेज झालेली. कधी हात वर करायचा, कधी चेहरा कोरा ठेवायचा, कुठला तक्ता उलगडला की ‘अय्या’ म्हणायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. आम्ही नवखे होतो, ती जुनीजाणती होती.

आणि दुर्गव्वा धोत्रे ही तिथली चुकीच्या उत्तराची मानकरी होती. पाठात एक चूक व्हावीच लागायची, कारण चूक झाल्याशिवाय ती हाताळणार कशी आणि गुण मिळणार कसे? भूगोलाच्या पाठात दुर्गीनं गंगा अरबी समुद्रात सोडली होती. विज्ञानात बेडकाला पिसं लावली होती. दोन वर्षांत तिच्या चुकांवर किती छात्राध्यापक पास झाले असतील, देव जाणे.

“हिलाच का, सर?” मी तालमीच्या आधी विचारलं होतं.

“तिचा चेहरा तसा आहे हो,” सर अगदी सहज म्हणाले. “वडारवाडीतली पोरगी. चुकली तर लगेच पटतं. उगीच नाटकी वाटत नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण मी गप्प बसले. माझं तोंड फटकळ हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. तरी गप्प बसले, कारण जूनमध्ये त्या हायस्कुलात इंग्रजीची एक जागा निघणार होती आणि ज्याचा वार्षिक पाठ चांगला होईल त्याचं नाव सर संस्थेला सुचवणार होते. मला ती नोकरी हवी होती. खोटं कशाला बोलू, जिवापाड हवी होती. आमच्या घरात बी.एड.पर्यंत पोचलेली पहिली मीच, आणि वडिलांनी एस.टी.तल्या सगळ्या कंडक्टरांना माझी नोकरी लागल्याचं आधीच सांगून टाकलं होतं.

तालीम संपली. पोरं डबे खायला पळाली. मी माझे चार तक्ते गुंडाळत होते: कॅन, मे, शुड, मस्ट. रात्र रात्र बसून रंगवलेले. सरांनी सांगितलं होतं, नियम घोकून घ्या, सहायक क्रियापदानंतर मुख्य क्रियापद मूळ रूपात, झालं. पण मला वाटायचं, नुसत्या नियमानं काय होतंय? पोरांना त्या शब्दांचं वजन कळायला पाहिजे. म्हणून मी त्यांना माझ्या पद्धतीनं सांगितलं होतं. कॅन म्हणजे जमतं. मे म्हणजे विचारून करायचं. शुड म्हणजे केलंस तर बरं होईल. मस्ट म्हणजे सुटका नाही.

दुर्गी गेली नव्हती. ती येऊन तक्त्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

“मॅडम, एक सांगू?”

“सांग की.”

“परवा मी बरोबर सांगणार हाय.”

मला आधी कळलंच नाही. “काय बरोबर सांगणार?”

“शी कॅन सिंग. कॅनच्या म्होरं सिंगला एस लावायचा नसतोय. मला कवाचं ठावं हाय. तुम्हाला सांगून ठेवतो, मग म्हणू नका सांगितलं न्हाई.” आमच्याकडं पोरीसुद्धा ‘जातो, येतो, सांगतो’च म्हणतात.

माझं डोकंच फिरलं. “अगं ए शहाणे! माझा वार्षिक पाठ आहे तो. कोल्हापूरहून परीक्षक येणारायत. दोन वर्षं सगळ्यांच्या पाठात गुमान चुकलीस आणि माझ्याच वेळेला बरं तुला शहाणपण सुचलं?”

“तुमच्याच वेळंला बा असणार हाय,” ती म्हणाली.

“कोण बा?”

तिनं हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. खिडकीबाहेर शाळेच्या कंपाउंडची दगडी भिंत चालली होती. छिन्नीची टकटक आम्ही महिनाभर ऐकत होतो. तिथं डोक्याला पंचा गुंडाळून एक माणूस दगड घडवत बसला होता. तो भीमाप्पा धोत्रे, दुर्गीचा बाप.

“मागल्या महिन्यात त्या इतिहासवाल्या सरांचा पाठ झाला न्हवं, तवा बा हितंच होता. मी चुकीचं सांगितलं, समदी हसली. बानं ऐकलं. घरी गेल्यावर म्हणला, आठ वर्सं शाळेत जातीस आन् गावाला हसू करून घेतीस व्हय? मी सांगितलं, बा, नाटक असतंय त्ये, मला चुकायचं काम दिल्यालं हाय.”

“मग?”

“मग काय. म्हणला, मला येडा समजतीस? शाळेत पोरास्नी चुकायला शिकवत्यात असं कुटं असतंय का? वर आनी खोटं बोलतीस म्हणून दोन ठेवून दिल्या.” तिनं तक्ता नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. “जूनपास्नं शाळा बंद म्हणलाय. दगडाच्या खणीवर चल म्हणलाय.”

शाळेत पोरांना चुकायला शिकवतात असं कुठं असतं का? असतं, आमच्याकडं असतं. पण त्या बापाला तरी कसं पटावं!

“परवा बा ह्या खिडकीभाईरच असणार. एवढाच तुकडा ऱ्हायलाय भिंतीचा,” दुर्गी म्हणाली. “समदी हसत न्हाईत, ह्ये त्यानं एकदा कानानं ऐकाय पायजे.” मग मस्टचा तक्ता बोटानं टोचत तिनं विचारलं, “मॅडम, बानं मला नववीत घालावं, ह्याला शुड लागतंय का मस्ट?”

“तुला काय वाटतं?”

“शुड म्हणलं तर त्यो ऐकायचा न्हाई,” ती म्हणाली आणि डबा खायला गेली.

मी तडक सरांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर चहाची बशी होती. मी सरळच म्हटलं, “सर, चुकीचं उत्तर दुर्गव्वा देणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“का? आजारी पडली?”

“नाही. तिला बरोबर येतं.”

“अहो, येतं म्हणूनच तर चांगलं चुकते! खऱ्या ढ पोराला चुकायला सांगितलं की ते नेमकं घाबरून बरोबर सांगतं. मी अनुभवानं सांगतो.”

मी सगळी हकिगत सांगितली. सर बशीतला चहा संपवेपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, “वाईट आहे. पण ह्या लोकांच्या पोरी तशाही नववीपर्यंत टिकत नाहीत. तुमच्या पाठानं काय फरक पडणार?”

“मग चुकीचं उत्तर स्वप्नालीला देऊ या.”

सरांनी बशी खाली ठेवली. “संस्थेच्या सेक्रेटरींच्या मुलीला? परीक्षकांसमोर?”

“नाटकच आहे ना, सर?”

“नाटक असलं म्हणून काय झालं! भलतंच काय बोलता?” मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघा, तुमचं नाव मी मनात धरलंय. ती जागा तुमची आहे असं समजा. परवा त्या पोरीला वर्गात ठेवूच नका. पाहुण्यांसाठी ग्लास विसळायला लागतातच, तिला टाकीवर बसवा. चुकायला मी दुसरं पोर बघून देतो. आणि चौगुले, शुड आणि मस्ट शिकवताय ना पोरांना? ही माझी सूचना नाही. मस्ट आहे.”

“बरं, सर,” म्हटलं मी. पण माझं बरं म्हणजे बरंच असेल असं आमच्या घरात कुणीही समजत नाही.

पाठाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी शाळेत पोचले आणि टाकीवर बसून पाहुण्यांचे सगळे ग्लास विसळून ठेवले. नव्या साडीचा काठ भिजला, भिजू दे म्हटलं. शाळा भरल्यावर शिपाई सखाराममामा वर्गाच्या दारात आले. “मॅडम, ती धोत्र्यांची पोरगी द्या. सरांनी बोलावलंय, ग्लास विसळायला.”

“ग्लास विसळून झालेत, मामा. पालथे घालून ठेवलेत. ती इथंच बसेल.”

मामांनी माझ्याकडं बघितलं, दुर्गीकडं बघितलं आणि आल्या पावली परत गेले.

परीक्षक माणगावे मॅडम कोल्हापूरहून आल्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, हातात घामाचा रुमाल आणि चेहऱ्यावर असे पाठ बघून बघून आलेला कंटाळा. त्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसल्या, शेजारी हेर्लेकर सर, कडक इस्त्री, टाय. सरांना दुर्गी बाकावर दिसली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. खिडकीबाहेर टकटक चालू होती.

“गुड मॉर्निंग, क्लास,” मी म्हटलं आणि पाठ सुरू झाला.

सुरुवात छान झाली, खरंच झाली. एक जड पाट्यांची थप्पी मी टेबलावर ठेवली होती. ज्यानं उचलली त्यानं ‘आय कॅन लिफ्ट इट’ म्हणायचं, ज्याला जमली नाही त्यानं ‘आय कान्ट’. दाराबाहेर एकाला उभं केलं, त्यानं ‘मे आय’ विचारून आत यायचं. ते तर सगळ्यांना येतंच. मग ताप आलेल्या पोराला ‘यू शुड टेक रेस्ट’, आणि रेल्वे फाटक बंद झाल्यावर ‘यू मस्ट स्टॉप’. तक्ते उलगडत गेले, पोरांनी वेळेवर ‘अय्या’ म्हटलं. माणगावे मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांचा कंटाळा थोडा कमी झाल्यासारखा वाटत होता.

मग तो टप्पा आला. चुकीच्या उत्तराचा.

सरांनी मागून मला खूण केली. पहिल्या रांगेतल्या एका पोराकडं बोट दाखवलं, हळूच, टायच्या आडून. त्यांनी खरंच दुसरं पोर तयार ठेवलं होतं. मी फक्त त्याचं नाव घ्यायचं होतं. नोकरी तिथंच, त्या नावात होती. मी सरांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि म्हटलं, “दुर्गव्वा धोत्रे, स्टँड अप.”

दुर्गी उठली. डोकं खाजवलं नाही की छताकडं बघितलं नाही. खिडकीकडं तोंड केलं आणि भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शी कॅन सिंग!”

आणि वर्ग खदाखदा हसला.

ती पोरं दुष्ट नव्हती हो. त्यांना तसं वळणच पडलं होतं. दुर्गी उठली, दुर्गी बोलली, की हसायचं. ती काय बोलली ते ऐकायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत स्वप्नाली टुणकन उभी राहिली, हात मागं बांधले आणि गोड आवाजात म्हणाली, “शी कॅन सिंग.”

टाळ्या! कडकडून टाळ्या. बाकं वाजली.

बाहेरची टकटक थांबली. खिडकीच्या गजांमागं भीमाप्पाचा चेहरा आला. धुळीनं पांढरा झालेला, पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्याला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, पण आपल्या पोरीला हसले आणि दुसरीला टाळ्या पडल्या एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं? तो पोरीकडं बघत होता आणि त्याचे ओठ आवळले गेले होते. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. बरोबर सांगूनही गेलं.

ठरल्याप्रमाणे टाळ्या झाल्या की दुर्गीनं मान खाली घालून बसायचं असे. ती बसली नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली, मग वर्गाकडं वळली. डोळे भरले होते, पण आवाज दगड फोडणारा.

“यू मस्ट नॉट लाफ,” ती म्हणाली.

हे वाक्य माझ्या पाठाच्या टाचणात नव्हतं. कुठल्याच तालमीत नव्हतं. पोरांचे चेहरे पडले, कारण आता पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

माणगावे मॅडमनी चष्मा काढला. “वन मिनिट,” त्या म्हणाल्या आणि स्वप्नालीकडं वळल्या. “तू तिला दुरुस्त केलंस ना? ती काय म्हणाली होती?”

“शी कॅन सिंग.”

“आणि तू?”

“शी कॅन सिंग.”

“मग दुरुस्त काय केलंस?”

स्वप्नाली गोंधळली. डोळ्यांत पाणी आणून तिनं हेर्लेकर सरांकडं बघितलं. “सर, मी हेच म्हणायचं होतं ना? तुम्ही हेच सांगितलं होतं ना?”

सरांचा हात टायच्या गाठीकडं गेला. मी मात्र खिडकीकडं गेले. भीमाप्पा निघाला होता, पाठ फिरवून.

“धोत्रेमामा!” मी हाक मारली. “जाऊ नका. आत या.”

“चौगुले!” सर ओरडले. “इंग्रजीचा पाठ आहे! मराठीत काय बोलताय?”

“असू दे, सर. हे मराठीतच सांगायला पाहिजे.”

भीमाप्पा वळसा घालून आला आणि दाराशी थबकला. पायात वहाणा नव्हत्या, हातात छिन्नी तशीच. मी त्याला ओढल्यासारखं आत घेतलं आणि फळ्यापाशी उभं केलं. मग त्याला, परीक्षकांना, पोरांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आवाज चढला होता, चढू दिला.

“तुमच्या पोरीनं बरोबर सांगितलं, मामा. आत्ताही आणि आधीही तिला बरोबरच येत होतं. ती तुमच्याशी खोटं बोलली नाही. तिला चुकायचं काम दिलेलं होतं, आमचे पाठ चांगले व्हावेत म्हणून. दोन वर्षं ती आमच्यासाठी चुकत आली.”

“मग ही पोरं का हसली?”

“तेही आम्हीच शिकवलंय.”

भीमाप्पानं माझ्याकडं बघितलं, मग मागं बसलेल्या चष्म्याच्या बाईंकडं. माझ्यावर विश्वास ठेवावा असं त्याला वाटत नव्हतं आणि का वाटावं? “बाईसाब,” त्यानं माणगावे मॅडमना विचारलं, “ह्या म्हणत्यात ते खरं हाय?”

मॅडम उठून पुढं आल्या. त्यांनी दुर्गीला चारही तक्त्यांवरची वाक्यं विचारली, टाचणातली नव्हे, स्वतःच्या मनातली. दुर्गी बोलत गेली. माय फादर कॅन ब्रेक बिग स्टोन्स. मे आय सिट नाऊ, मॅडम? आय शुड रीड मोअर. आणि शेवटी, न विचारता, बापाकडं बघत, “आय मस्ट गो टू नाइन्थ.”

“करेक्ट,” मॅडम म्हणाल्या. मग भीमाप्पाकडं वळून मराठीत, “सगळं बरोबर आहे. एकही चूक नाही.”

भीमाप्पानं छिन्नी ह्या हातातून त्या हातात घेतली, एवढंच.

इथं तरी हेर्लेकर सरांनी गप्प बसावं की नाही? पण नाही. ते उठले, घसा साफ केला. “मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण पाठ नियमाप्रमाणं झालेला नाही. विद्यार्थ्यांच्या चुका हाताळणे हा टप्पाच राहिला. टाचणात आहे, माझी सही आहे. त्याचे गुण देता येणार नाहीत.”

मग मात्र माझी जीभ सुटली. “राहिला नाही, सर, करू या की,” मी म्हटलं. “चुकीचं वाक्य लागतंय ना? तुम्ही सांगा.”

“काय?”

“तुम्हाला पाठ आहे. दोन वर्षं तुम्हीच पढवताय. उभं राहून सांगा, मी हाताळते.”

“काय बोलताय कळतंय का तुम्हाला? मी मार्गदर्शक आहे तुमचा!”

माणगावे मॅडम खुर्चीत परत जाऊन बसल्या, मांडीवर कागद घेतला आणि पेनचं टोपण काढलं. “सांगा की, हेर्लेकर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “नाटकच तर आहे. टप्पा पूर्ण झाला पाहिजे.”

सर उभेच होते. इकडं तिकडं बघितलं. परीक्षकांना नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत पुटपुटले, “शी कॅन सिंग्ज.”

“लाउडर, प्लीज,” मी म्हटलं.

“शी कॅन सिंग्ज!”

एकही पोर हसलं नाही. भीमाप्पा फळ्यापाशी उभा राहून पोरांच्या तोंडाकडं बघत होता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो हसण्याची वाट बघत होता, मला स्पष्ट दिसलं.

“हू विल हेल्प हिम?” मी विचारलं.

एकटीचाच हात वर झाला. “शी कॅन सिंग, सर,” दुर्गी म्हणाली, अगदी अदबीनं.

“थँक यू, दुर्गव्वा,” मी म्हटलं. सहायक क्रियापदानंतर मुख्य क्रियापद मूळ रूपात, हा नियम फळ्यावर लिहिला आणि पाठ संपवला.

वर्गाबाहेर पडल्यावर सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. रागानं त्यांचा टाय वाकडा झाला होता. “मी इथं आहे तोवर ह्या संस्थेत तुम्हाला नोकरी मिळणार नाही.”

“नकोच आहे,” मी म्हटलं. खोटं होतं ते, मला हवीच होती, तेव्हाही हवी होती. पण त्यांच्याकडून नको होती.

माणगावे मॅडमनी मला जाताना थांबवलं. म्हणाल्या, “गुण कापावे लागतील. पाठात मराठी, टाचण सोडून बोलणं, बाहेरचा माणूस वर्गात. नियम आहेत.”

“कापा, मॅडम.”

“कापणारच आहे,” त्या म्हणाल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवून जरा दाबला.

काठावर पास झाले मी. ती जागा दुसऱ्याला गेली. वडिलांना कंडक्टर लोकांसमोर मान खाली घालावी लागली आणि ते महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. पुढं पार चंदगडच्या बाजूला, जिथं जायला कुणी तयार नव्हतं अशा शाळेत मला घेतलं आणि तिथंच माझी सगळी नोकरी झाली. माझ्या वर्गात पोरं पुष्कळ चुकली, पण स्वतःच्या मनानं चुकली. मला विचाराल तर परत तो दिवस आला तरी मी तेच करीन आणि आणखी मोठ्यानं करीन.

पण त्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना एक ऐकलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मधली सुट्टी झाली होती. भिंतीच्या सावलीला भीमाप्पा बसला होता, शेजारी दुर्गी डबा उघडून. माझी पाठीमागून चाहूल त्यांना लागली नाही.

“ते टायवालं सायेब,” भीमाप्पा विचारत होता, “ते चुकलं न्हवं?”

“व्हय, बा. चुकीचंच बोललं.”

“मग पोरं का हसली न्हाईत?”

दुर्गीनं जरा विचार केला. “सर हाईत ते, बा. शिकल्यालं.”

भीमाप्पानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

“असं हाय व्हय,” तो म्हणाला. “मग शीक तू. तू चुकलीस तरी हसायची कुणाची टाप न्हाई, इतकी शीक.”